विमान आणीबाणीत उतरवावे लागले तर : एका केबिन क्रू प्रशिक्षिकेचे उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गेल्या महिन्यात पुण्याहून दिल्लीला जाताना विमान धावपट्टीला टेकण्याच्या बेतात असताना एकदम वर उचलले गेले आणि अर्धा तास घिरट्या घालून मग उतरले. त्या अर्ध्या तासात काही प्रवासी ओरडत होते, काही जण फोन काढून चित्रीकरण करत होते आणि तुम्ही सीटचे हात घट्ट धरून नुसते बसून राहिलात. खरोखरीचे संकट असते तर आपल्याला काहीच सुचले नसते, याची तुम्हाला आता रुखरुख लागली आहे. शिवाय पुढच्या महिन्यात तुमच्या ६८ वर्षांच्या आई पहिल्यांदाच एकट्या विमानाने दुबईला लेकीकडे निघाल्या आहेत आणि त्यांना न घाबरवता काय सांगावे, हेही तुम्ही विचारले आहे.

मी २१ वर्षे केबिन क्रूमध्ये काढली आणि त्यानंतर नव्या मुलामुलींना सुरक्षेचे प्रशिक्षण देत आले, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, तेवढे सांभाळून घ्यावे. आधी तुमच्या त्या प्रवासाविषयी. उतरता उतरता पुन्हा वर जाण्याला ‘गो-अराउंड’ म्हणतात आणि त्याची कारणे बहुधा अगदी साधी असतात : पुढचे विमान अजून धावपट्टीवरून बाजूला झालेले नसते, वारा एकाएकी फिरतो, किंवा उतरण्याचा वेग आणि उंची ठरलेल्या मर्यादेत बसत नाही. अशा वेळी हट्टाने विमान टेकवणारा वैमानिक मला जास्त धोक्याचा वाटतो. घोषणा लगेच का झाली नाही, हा प्रश्न प्रवासी हमखास विचारतात. आधी विमान उडवायचे, मग दिशा धरायची आणि मग बोलायचे, हा क्रम वैमानिकांच्या अंगी मुरवलेला असतो. पहिली दोन-तीन मिनिटे दोघांचेही हात कामात गुंतलेले असतात. मागे बसलेल्या माणसाला मात्र तीच दोन-तीन मिनिटे खायला उठतात.

‘इमर्जन्सी लँडिंग’ हा शब्द बातम्यांत सरसकट वापरला जातो, पण त्याच्या पोटात अनेक प्रकार येतात. एखाद्या प्रवाशाला हृदयविकाराचा झटका आला म्हणून जवळच्या विमानतळावर उतरणे हा त्यातला सर्वांत सौम्य प्रकार. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी तिरुचिरापल्लीहून शारजाला निघालेल्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बोइंग ७३७ विमानात उड्डाणानंतर थोड्याच वेळात हायड्रॉलिक यंत्रणेतला, म्हणजे द्रवाच्या दाबाने चाके आणि पंखांचे भाग हलवणाऱ्या यंत्रणेतला, बिघाड लक्षात आला. या जातीच्या विमानाला हवेत इंधन सोडून देण्याची सोय नसते, त्यामुळे वजन कमी करण्यासाठी ते दोन तासांहून अधिक काळ शहराभोवती फिरत राहिले, इंधन जाळत राहिले आणि मग नेहमीसारखे उतरले. खाली अग्निशमनाचे बंब आणि रुग्णवाहिका उभ्या होत्या. दूरचित्रवाणीवर त्या घिरट्या पाहणाऱ्यांचा जीव टांगणीला लागला होता, पण वैमानिकांच्या लेखी तो वेळ म्हणजे हाती असलेले भांडवल होते : सूचनापत्रके पुन्हा वाचायची, अभियंत्यांशी बोलायचे, केबिन तयार करायची. विमान उतरताना शेजारून बंब धावताना दिसले, तर काहीतरी हाताबाहेर गेले आहे असे समजू नका. कॅप्टनने मागितले की ते येतातच.

अशा तयारीला वेळ मिळालेल्या आणीबाणीत केबिनमध्ये नेमके काय चालते, ते मी स्वतः पाहिलेल्या एका रात्रीवरून सांगते. आखातात जाणारे आमचे विमान मुंबईहून निघाले आणि वीसएक मिनिटांत माघारी वळले. कॅप्टनने आमच्या प्रमुखाला आत बोलावून चार गोष्टी सांगितल्या : बिघाड कसला आहे, ते काय करणार आहेत, किती वेळ आहे, आणि आमच्यासाठी वेगळी काही सूचना आहे का. त्याची चार इंग्रजी आद्याक्षरे जोडून आम्ही ‘निट्स’ म्हणतो. प्रमुखाने बाहेर येऊन तेच आम्हाला सांगितले, आमच्याकडून ते परत म्हणवून घेतले आणि मग सगळ्यांनी घड्याळे जुळवली. ४० मिनिटे होती. आम्ही जेवणाच्या ट्रॉल्या कुलूपबंद केल्या, गॅलीतले, म्हणजे विमानाच्या स्वयंपाकघरातले, गरम पाणी ओतून दिले, प्रत्येक रांगेत जाऊन लोकांच्या खिशातली पेने, गळ्यातल्या जाड साखळ्या, टाचांच्या चपला काढायला लावल्या आणि वाकून बसायची रीत करून दाखवली.

मागून दुसऱ्या रांगेत साताऱ्याकडचे एक आजोबा होते, मस्कतला मुलाकडे निघालेले. त्यांच्या हातांना कंप सुटला होता. मी चष्मा काढून आतल्या खिशात ठेवायला सांगितले तेव्हा ते म्हणाले, “पोरी, चष्मा काढला तर मला दिसायचं कसं? आणि टोपीबी काढू का?” टोपी राहू द्या म्हटले. त्यांच्या शेजारी दहाएक वर्षांचा मुलगा रडत होता, त्याची आई कडेवरच्या बाळात अडकलेली. मी आजोबांना म्हटले, “या पोराचं डोकं खाली राहिलं पाहिजे, ते काम तुमचं. मी ओरडले की आधी तुम्ही वाका आणि त्यालाही वाकवा.” त्यांनी त्या मुलाकडून दोनदा सराव करून घेतला, तिसऱ्यांदा मुलगा हसला, आणि मी परत जाताना पाहिले तर आजोबांच्या हातांचा कंप थांबलेला होता. आमचे विमान नीट उतरले, धावपट्टीवरच थांबले, कॅप्टनने सर्वांना बसून राहायला सांगितले आणि पाऊण तासाने आम्ही शिडीने खाली आलो.

तुमचा खरा प्रश्न शांत कसे राहावे हा आहे आणि माझे सगळे उत्तर त्या आजोबांच्या हातांत आहे. घाबरू नका असे सांगून आजवर एकाही प्रवाशाचे घाबरणे थांबलेले मी पाहिलेले नाही. पुढची छोटी कृती कोणती हे ज्याला ठाऊक असते, त्याचे मन थाऱ्यावर राहते. ज्याला ठाऊक नसते तो एकतर ओरडतो, नाहीतर तुमच्यासारखा गोठून बसतो. यांतले गोठणे जास्त आढळते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर धुक्यात दोन जम्बो विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसे मेली. त्यांतल्या पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीच्या विमानातून वाचलेल्या ६१ जणांत एक वयस्क जोडपे होते. नवऱ्याने उड्डाणापूर्वी सीटच्या खिशातले कार्ड काढून दरवाजे कुठे आहेत ते पाहून ठेवले होते. टक्कर झाल्यावर बायको जागच्या जागी थिजली, तेव्हा त्याने तिला ओरडून उठवले आणि पंखाकडच्या भगदाडातून बाहेर काढले. तिची मैत्रीण मात्र हात मांडीवर ठेवून तशीच बसलेली तिला दिसली होती. त्या मैत्रिणीला मी भित्री म्हणणार नाही. मेंदूला पूर्वी कधीच न पाहिलेले दृश्य दिसले की तो जुन्या साठ्यात उत्तर शोधत राहतो आणि साठा रिकामा असेल तर शोधतच राहतो. त्या साठ्यात थोडेफार आधी घालून ठेवणे, एवढीच तयारी आपल्या हाती असते.

वरच्या रात्रीसारखी ४० मिनिटे बहुधा मिळत नाहीत, हेही सांगायला हवे. मोठे अपघात बहुतेक वेळा उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या सुमारास होतात आणि तेव्हा पूर्वसूचना नसते. म्हणून आमच्या धंद्यात उड्डाणानंतरची पहिली तीन मिनिटे आणि उतरण्यापूर्वीची आठ मिनिटे वेगळी काढलेली असतात. त्या काळात केबिन क्रू दाराजवळच्या आपल्या घडीच्या खुर्चीवर (जंप सीटवर) पाठ ताठ टेकवून, तळवे मांड्यांखाली घेऊन गप्प बसलेला दिसतो. लोकांना वाटते कंटाळला आहे. खरे तर तो मनात उजळणी करत असतो : आता आदळलो तर पहिला शब्द कोणता ओरडायचा, दार कोणत्या बाजूला फिरवायचे, बाहेर आग दिसली तर लोकांना कुठे वळवायचे, माझ्या मदतीला या चार रांगांतले कोण धडधाकट आहेत. हीच उजळणी प्रवाशालाही करता येते आणि तिला अर्धे मिनिटसुद्धा लागत नाही. त्या अकरा मिनिटांत पायांत चपला-बूट असू द्या, कानांतले इअरफोन काढा, झोपू नका. पाठ सरळ करायला, ट्रे बंद करायला आणि खिडकीची झडप उघडायला आम्ही जे मागे लागतो, ते याच मिनिटांसाठी असते. मागच्या माणसाची वाट मोकळी राहावी, बाहेर कोणत्या बाजूला आग आहे ते कळावे, आणि रात्री दिवे मंद करतो ते डोळे आधीच अंधाराला सरावावेत म्हणून.

दरवाजा ‘पाहून ठेवा’ असे मी म्हणत नाही. ‘मोजून ठेवा’ म्हणते. प्रशिक्षणाच्या नकली केबिनमध्ये आम्ही नाटकातला धूर सोडतो. पहिल्यांदा आत गेलेल्या मुलीला वाटते की थोडे अंधुक दिसेल. प्रत्यक्षात पसरलेल्या हाताचा कोपर दिसतो आणि पंजा दिसत नाही. तेव्हा सीटच्या पाठी हाताने चाचपत एक, दोन, तीन असे मोजत जावे लागते, आणि ज्याने बसताना ‘मागे सहा रांगा’ असे मोजलेले नाही तो हमखास दार ओलांडून पुढे जातो. पुढचे आणि मागचे असे दोन्ही दरवाजे मोजा, कारण एका बाजूला आग असू शकते. बसलेल्या लोकांची स्वाभाविक ओढ ज्या दाराने आत आलो त्याच दाराकडे असते, मग जवळचे दार पाठीमागे चार रांगांवर का असेना. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टरला एका बोइंग ७३७ विमानाचे इंजिन उड्डाणाच्या धावेत फुटले, विमान धावपट्टीवरच थांबले, हवेत उडालेसुद्धा नव्हते, तरी ५५ माणसे गेली आणि त्यांतली बहुतेक धुराने. जमिनीलगतचे दिवे, पंखाजवळच्या दाराशी मोकळी ठेवलेली जागा, पेट न घेणारी सीटची कापडे, या आज तुम्हाला गृहीत वाटणाऱ्या गोष्टींमागे तो अपघात आहे. धुरात खाली वाका, रुमाल ओला करता आला तर नाकातोंडावर धरा, पण पाणी शोधत बसू नका.

आता सीट बेल्ट. हसू नका, पण गडबडीत तो सुटत नाही. वर्षानुवर्षे मोटारीची सवय झालेली बोटे कमरेच्या बाजूला बटण शोधतात आणि विमानाचा पट्टा तर पोटासमोरच्या पत्र्याची झडप उचलून सुटतो. प्रशिक्षणात आम्ही दिवे घालवून अचानक ओरडतो, तेव्हा चांगल्या चुणचुणीत मुलांचे हात बाजूला चाचपडताना मी कितीदा पाहिले आहे. बसल्यावर दोन वेळा डोळे मिटून लावा-सोडा. शेजारी काय म्हणेल याची फिकीर करू नका. पट्टा पोटाच्या मऊ भागावर न घेता खाली ओटीपोटाच्या हाडांवर घट्ट ओढून घ्यावा. मांडीवरच्या बाळासाठी आम्ही वेगळा पट्टा देतो, तो आपल्या पट्ट्यात ओवायचा असतो. बाळाला आपल्याच पट्ट्याच्या आत घेऊ नका, धक्क्यात तुमचे सगळे वजन त्याच्यावर येते.

‘ब्रेस’ ही आरोळी ऐकली की वाकायचे असते. ही पोझिशन माणूस लवकर मरावा किंवा दातांवरून ओळख पटावी म्हणून ठेवली आहे, असली एक बाष्कळ गोष्ट दरवर्षी कुणीतरी मला पाठवते. ८ जानेवारी १९८९ रोजी इंग्लंडमध्ये केगवर्थजवळ एक ७३७ महामार्गाच्या बांधावर आदळले, ४७ जण दगावले, आणि वाचलेल्यांच्या जखमांचा बारकाईने अभ्यास करून ही रीत सुधारण्यात आली. पाय पुढे पसरले तर धक्क्यात नडग्या पुढच्या सीटखाली जाऊन मोडतात आणि मोडक्या पायाने कुणी बाहेर पडू शकत नाही. म्हणून पावले जमिनीवर सपाट आणि गुडघ्यांच्या किंचित मागे ठेवायची. डोके आधीच पुढच्या सीटला टेकवून ठेवायचे, म्हणजे ते वेगाने जाऊन आदळत नाही. हात डोक्याच्या मागे एकावर एक, बोटे एकमेकांत न गुंतवता, आणि ज्या हाताने तुम्ही लिहिता तो खाली ठेवायचा, कारण पट्टा त्याच हाताने सोडायचा आहे. एका धक्क्यानंतर लगेच उठू नका. विमान बहुधा दोन-तीनदा आपटते, पूर्ण थांबेपर्यंत वाकूनच राहा.

ऑक्सिजनचे मास्क पडले तर त्याचा उतरण्याशी थेट संबंध नसतो, पण पुढे जे होते त्याने लोक हादरतात म्हणून थोडक्यात सांगते. ३५,००० फुटांवर हवेचा दाब गेला तर शुद्धीवर राहून काम करायला साधारण अर्धे ते एक मिनिट मिळते. मास्क जोरात ओढल्याशिवाय प्रवाह सुरू होत नाही. तो नाक आणि तोंड दोन्हींवर बसला पाहिजे. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. आणि जळका वास आला तर तो ऑक्सिजन तयार करणाऱ्या डब्याचा असतो. आधी स्वतःला, मग मुलाला. त्यानंतर विमान नाक खाली करून झपाट्याने उतरू लागते. ते कोसळत नसते, वैमानिक त्याला मुद्दाम १०,००० फुटांकडे नेत असतो, जिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो.

विमान थांबल्यावर काय, हा सर्वांत कठीण भाग आहे आणि याच ठिकाणी मला प्रवाशांचा राग येतो. ३ ऑगस्ट २०१६ रोजी तिरुवनंतपुरमहून गेलेले एमिरेट्सचे बोइंग ७७७ दुबईच्या धावपट्टीवर आपटले, तेव्हा आत ३०० माणसे होती, बहुसंख्य आपले भारतीय. आतून काढलेल्या चित्रफितीत धूर भरत असताना लोक डोक्यावरचे कप्पे उघडून बॅगा ओढताना दिसतात, कुणीतरी लॅपटॉप आठवून ओरडते, आणि क्रूची मुलगी बॅगा टाका, उड्या मारा म्हणून घसा फोडत असते. सगळ्या प्रवाशांना बाहेर काढायला सुमारे सात मिनिटे लागली. विमान थांबल्यापासून नऊएक मिनिटांत मधल्या इंधनटाकीचा स्फोट झाला आणि एका अग्निशमन जवानाचा जीव गेला. कॅप्टन आणि वरिष्ठ क्रू सदस्य त्या वेळी अजून विमानातच होते. विमानाला परवाना देताना निम्मी दारे बंद धरून ९० सेकंदांत सगळे बाहेर पडतात की नाही, हे तपासलेले असते, पण त्या चाचणीत कुणी बॅग काढत नाही. आता याच्याशेजारी २ जानेवारी २०२४ चा टोकियोचा हानेदा विमानतळ ठेवून पाहा. जपान एअरलाइन्सचे एअरबस ए-३५० उतरताना तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाला धडकले, त्या छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच जण मरण पावले आणि मोठे विमान पेटत थांबले. घोषणायंत्रणा बंद पडली होती, क्रूने कर्ण्यातून आणि नुसत्या गळ्याने काम भागवले. आठ दारांपैकी तीनच वापरण्याजोगी होती. कॅप्टन सर्वांत शेवटी बाहेर पडला, तो विमान उतरल्यानंतर साधारण १८ मिनिटांनी. आतली ३७९ माणसे वाचली आणि बाहेर आलेल्यांच्या हातांत बॅगा जवळजवळ नव्हत्याच.

हानेदाच्या चित्रफितीत लोक दार उघडा, लवकर उघडा असे विनवताना ऐकू येतात आणि क्रू उघडत नाही. क्रूला वेड लागलेले नव्हते. दारावरच्या छोट्या काचेतून आधी बाहेर पाहायचे असते. खाली ज्वाळा असतील तर ते दार उघडणे म्हणजे आग आत घेणे. म्हणून क्रू दारात आडवा हात धरून “इकडे नाही, तिकडे जा” म्हणाला, तर वाद न घालता वळा. उलट, पंखाजवळच्या छोट्या दाराशी तुम्ही स्वतः बसलेले असाल तर हे पाहणे तुमचे काम आहे. पाय जास्त पसरता येतात म्हणून ती जागा घेणाऱ्यांनी आम्ही दिलेली माहिती मोबाइल खाली ठेवून ऐकावी, एवढी अपेक्षा मला रास्त वाटते.

आणीबाणीत दार उघडले की बाहेर हवेने फुगणारी घसरगुंडी पसरते. तिच्यावर बसायचे नसते, उडी मारायची असते. कडेला बसणारा माणूस मागची सगळी रांग अडवतो. हात छातीशी घ्या, पाय सरळ ठेवा, खाली पोचलात की वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला विमानापासून लांब चालत राहा, थांबून फोटो काढू नका. साडी असेल तर पदर कमरेला खोचा, निऱ्या एका हाताने वर धरा. नायलॉनच्या साडीपेक्षा सुती कपडे कधीही बरे. आणि विमान नुसते थांबले म्हणून उठून धावू नका. घसरगुंडीवरून उतरताना घोटे मोडतात, हात सोलवटतात, म्हणून धोका नसेल तर कॅप्टन शिडीची वाट पाहणेच पसंत करतो.

मुंबईहून पश्चिमेकडे उड्डाण केले की जुहूचा किनारा मागे पडून खाली समुद्रच असतो, म्हणून पाण्याचे दोन शब्द. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये पक्ष्यांच्या धडकेने दोन्ही इंजिने गेलेले ए-३२० कॅप्टन चेस्ली सलनबर्गर यांनी हडसन नदीत उतरवले. धडकेपासून पाण्यापर्यंत साडेतीन मिनिटे होती आणि १५५ जणांपैकी सगळे वाचले, तरी आपल्या सीटखालचे लाइफ जॅकेट वेळेत काढू शकलेले प्रवासी फारच थोडे होते. बसल्यावर हात घालून ते कुठे लागते ते एकदा चाचपून पाहा. मात्र आतमध्ये ते कधीही फुगवू नका. २३ नोव्हेंबर १९९६ रोजी अपहरण झालेले इथिओपियन विमान कोमोरोस बेटांजवळ समुद्रात आदळले. ज्यांनी आधीच जॅकेटे फुगवली होती, त्यांतले अनेक जण पाणी भरताच छताकडे उचलले गेले आणि त्यांना दाराकडे बुडी मारता आली नाही. लाल फीत ओढायची ती दाराच्या उंबऱ्यावर.

तुम्ही विचारले नाही, पण अहमदाबादचा विचार तुमच्या मनात असणार. १२ जून २०२५ च्या त्या अपघातात विमानातील २४२ जणांपैकी एकच वाचला, आणि असे काही अपघात असतात जिथे मी वर लिहिलेल्यातले काहीही उपयोगी पडत नाही. ते कबूल करूनच पुढचे सांगते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८३ ते २००० या काळातील तिथल्या विमान कंपन्यांचे अपघात एकत्र तपासले, तेव्हा त्यांत सापडलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक लोक वाचलेले आढळले. आपल्याकडे ७ ऑगस्ट २०२० च्या रात्री पावसात कोझिकोडच्या टेबलटॉप, म्हणजे टेकडीच्या माथ्यावर सपाटी करून बांधलेल्या, धावपट्टीवरून विमान पुढे घसरून खाली कोसळले, त्याचे तुकडे झाले, आणि नागपूरचे कॅप्टन दीपक साठे यांच्यासह २१ जण गेले. पण आत १९० माणसे होती आणि १६९ जिवंत राहिली. विमान मोडले म्हणजे सगळे संपले, असे मनाशी धरून बसणारा माणूस पट्टाही सोडत नाही.

प्रत्यक्ष त्या मिनिटांत छाती धडधडणारच, ती धडधड थांबवायच्या मागे लागू नका. श्वास सोडण्याची क्रिया घेण्यापेक्षा लांब करा. चार मोजत घ्या, सहा किंवा आठ मोजत सोडा. मग पुन्हा रांगा मोजा, पट्टा चाचपा, शेजाऱ्याचा पट्टा पाहा, त्याला दार कुठे आहे ते सांगा. दुसऱ्याला सांगताना आपला आवाज आपल्याच कानांवर पडतो, त्याचा मला नेहमी उपयोग झाला आहे. चित्रीकरण करू नका, कारण फोन धरलेला हात पट्ट्याच्या कामाचा राहत नाही. क्रूचा चेहरा वाचण्याचा प्रयत्नही सोडून द्या. आम्हाला तो सारखाच ठेवायला शिकवलेले असते, आणि एखादी मुलगी गंभीर दिसते ती बहुधा रांगा मोजत असते म्हणून.

आता आई. त्यांना अपघातांच्या या कथा सांगायचे काही कारण नाही. तिकीट काढताना व्हीलचेअरची मदत मागून ठेवा, म्हणजे क्रू त्यांना बसल्यावर स्वतः येऊन वेगळी माहिती देईल आणि गरज पडली तर कुणी सोबत करायचे तेही ठरवेल. पायांत बंद पट्ट्याच्या सपाट चपला, अंगावर सुती साडी किंवा पंजाबी ड्रेस. पासपोर्ट, रक्तदाबाच्या गोळ्या आणि तुमच्या बहिणीचा फोन नंबर लिहिलेला कागद एका कापडी बटव्यात घालून तो गळ्यात किंवा कमरेला अडकवा, म्हणजे “पिशवी टाका” असे कुणी म्हटले तर त्या पिशवीत लाडू आणि चटणीखेरीज काही उरलेले नसेल. घोषणा इंग्रजी-हिंदीत होतील, म्हणून ‘ब्रेस’ म्हणजे खाली वाकायचे आणि ‘एक्झिट’ म्हणजे दार, एवढे दोन शब्द त्यांच्या कानांवरून जाऊ द्या. सीट बेल्टची झडप कशी उचलायची हे घरी दाखवता येणार नाही, तेव्हा शेजारच्या प्रवाशाला किंवा क्रूला “जरा दाखवता का” असे विचारायला त्यांना सांगून ठेवा. विचारण्याची भीड हीच पहिल्या प्रवासातली मोठी अडचण असते. दारे बंद होण्यापूर्वी फोन चालू असतो. त्या वेळी त्यांना फोन करा, जागा नीट मिळाली का विचारा, आणि सहज म्हणून विचारा, “आई, तुझ्या मागे दार किती रांगांवर आहे?” त्या मान वळवून मोजतील, आकडा सांगतील, मग पिशवी कुठे ठेवली आणि पाणी घेतले का, यावर बोला.